माळ्यावरचे बिऱ्हाड

रात्री दीडच्या सुमारास माळ्यावर कोणीतरी चालले. ते उंदराचे पाऊल नव्हते. उंदीर धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. हे पाऊल सावकाश होते. घरातले वडीलधारे माणूस दिवा न लावता पाण्याच्या माठाकडे जाते, तसे सवयीचे. सौभाग्यवतींनी अंथरुणातूनच विचारले, "अहो, वर कोण आहे?" साठी उलटलेल्या नवऱ्याने अशा प्रश्नाला जे उत्तर द्यायचे तेच मी दिले, "कोणी नाही, झोप." आणि स्वतः मात्र पहाटेपर्यंत जागा राहिलो.

आमचे घर रंकाळ्याच्या पलीकडे, फुलेवाडीच्या अंगाला. वर मंगलोरी कौले, आत लाकडी तक्तपोशी आणि मागे बऱ्यापैकी परसू. त्यात एक फणस, दोन चिकू, एक पपई आणि तीन नारळ. दारात वाघ्या नावाचा कुत्रा, चुलीपाशी मनी नावाची मांजर आणि फणसाखाली सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या. बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे भुदरगडच्या बाजूला होतो. तिथे मधाचा धंदा करणारे एक मामा ओळखीचे झाले. मी निवृत्त झाल्यावर त्यांनीच या पेट्या आणून दिल्या. "सायब, आता हिशेब माश्यांचा ठेवा," असे म्हणाले होते.

माळ्यावरचा पाहुणा चैत्रात आला. आठवड्याभरात त्याच्या खुणा दिसू लागल्या. पिकायला आलेली पपई झाडावरच अर्धी खाल्लेली. कुंपणाच्या भिंतीवर चिकूच्या बियांनी भरलेली विष्ठा, तीही रोज त्याच जागी. आणि मध्यरात्री परसात एक वास, नवा तांदूळ शिजत असल्यासारखा. पहिल्या रात्री मी शेजारच्या स्वयंपाकघराकडे पाहिले. तिथे अंधार होता.

"ऊद आहे तो," शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मसण्या ऊद. मढी उकरतो म्हणतात." हे ऐकून घरात दिवेलागणीनंतर मागचे दार बंद होऊ लागले. नातू सुट्टीला आलेला; त्याला परसात एकटे सोडणे थांबले.

आणि मग ती सकाळ उगवली. फणसाखालची एक पेटी आडवी पडलेली. पोळ्यांच्या चौकटी निखळून मातीत गेलेल्या, मध सांडलेला आणि माश्यांचा नुसता कल्लोळ. वाघ्याचे नाक आणि एक डोळा सुजून बंद झालेला. भिंतीवर ती ठरलेली विष्ठा. आरोपी समोर नव्हता, पण पुरावा भरपूर होता. पेटी उदाने पाडली, वाघ्या आडवा आला, त्याला उद चावला, निकाल लागला. मी संध्याकाळी बाजारात जाऊन उंदीर मारायच्या औषधाची पुडी घेऊन आलो. पिकल्या केळ्यात घालून भिंतीवर ठेवायचे ठरले. आज हे लिहिताना संकोच वाटतो, पण त्या संध्याकाळी मला जराही वाटला नव्हता.

पेटीसाठी मामांना निरोप धाडला होता. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले. त्यांचे गाव पाटगावच्या बाजूला. सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आणि त्यामागोमाग आपल्या जिल्ह्यातले पाटगावही 'मधाचे गाव' झाले. त्या भागातली माणसे जंगल वाचतात, तशी मामांनी आमची परसबाग वाचली. आधी पेटी पाहिली. मग पेटीचे लाकडी तिवई-स्टँड उलटे केले आणि त्याचा एक पाय बोटाने दाबला. बोट आत गेले.

"सायब, पेटी ऊदानं पाडल्याली न्हाई. वाळवीनं पाडलीया."

स्टँडच्या चारही पायांखाली वाट्या ठेवून त्यांत पाणी भरायचे असते. त्यामुळे मुंग्या वर चढत नाहीत. उन्हाळ्यात पाणी आटते, म्हणून रोज पाहावे लागते. हे मामांनी दोनदा बजावले होते आणि मी महिनाभर पाहिले नव्हते. कोरड्या वाटीत माती साचली, मुंग्यांना पूल झाला आणि वाळवीला जिना.

मग त्यांनी वाघ्याला मांडीशी घेतले. सुजलेल्या नाकावरचे केस बाजूला करून नखाने काहीतरी खरवडून काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मधमाशीची नांगी होती. "ह्याला कुणी चावल्यालं न्हाई. डसल्यालं हाय. ऊद भिंतीवनं जाताना ह्यानं उडी घेतली, पाय आदीच पोकळ, पेटी गेली. मागनं ऊदानं मध चाटला आसंल. सांडल्यालं कोन सोडतंय?"

सगळा निकाल फिरला. मी गप्प राहिलो. सौभाग्यवतींनी फडताळावरची पुडी आणून मामांपुढे ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. एवढेच विचारले, "केळं भित्तीवर ठेवल्यावर ते ऊद खाईल का वाघ्या खाईल, का मनी, का नातू हात लावंल, हे कोन ठरवनार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ज्याला आपण ऊद, उदमांजर किंवा कांडेचोर म्हणतो, ते मांजर नव्हे. मांजराच्या कुळाशी त्याचे दूरचे नाते आहे, मुंगसाशीही आहे. वजन तीन-चार किलो, अंग करडे-काळपट, डोळ्यांभोवती मुखवटा घातल्यासारखे पट्टे आणि शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब. जमिनीवर फिरणारे, अंगावर ठिपके आणि शेपटीवर कडी असलेले जवादी मांजर वेगळे. आपल्या माळ्यावर येते ते झाडावर चढणारे. फळे हा त्याचा मुख्य आहार. जोडीला उंदीर, किडे, गोगलगाई. खुराडे उघडे राहिले तर कोंबडीही नेते, हे खरे. पण अंगावर येणे हा त्याचा स्वभाव नाही. कोंडले, पिलांजवळ गेलो तर मात्र दात दाखवते. मढी उकरण्याची कथा त्याच्या काळ्या तोंडाला आणि रात्रीच्या वेळेला चिकटली आहे.

गंमत अशी की इथे ज्याला आपण मसण्या म्हणतो, त्याच्या कुळातल्या प्राण्याचा सुगंधी स्राव तिरुपतीला व्यंकटेशाच्या शुक्रवारच्या अभिषेकानंतर वापरतात. तिकडे त्याला 'पुनुगु' म्हणतात. इंडोनेशियात याच उदाच्या पोटातून आलेल्या कॉफीच्या बिया जगातल्या अतिशय महागड्या कॉफीत मोडतात. त्या हव्यासापायी हजारो जिवांना पिंजऱ्यात कोंडून कॉफीची फळे खाऊ घालतात, ही त्या कपातली कडू बाजू. आणि आपल्या सह्याद्रीत भेरली माडाच्या, जंगली फळांच्या बिया दूरवर पेरण्याचे काम हा प्राणी बिनपगारी करतो. भिंतीवरची ती बियांनी भरलेली विष्ठा म्हणजे त्याची पेरणीच. आमची भिंत मात्र सिमेंटची, त्याला तो काय करणार!

तो तांदळाचा वासही त्याचाच. सिंगापूरमध्ये हे प्राणी वस्तीतल्या घरांच्या छपरांवर राहतात आणि तिथले लोक त्यांचा वास केवड्याच्या जातीच्या पंदन पानासारखा असतो असे सांगतात. आपण भातात घालतो ती अंबेमोहोराची पाने त्याच वासाची. फार घाबरला तर मात्र शेपटीखालच्या ग्रंथींतून उग्र वास सोडतो.

हे मी मुलीला फोनवर सांगितले, तेव्हा ती अमेरिकेतून हसली. "बाबा, तुम्ही नशीबवान. आमच्याकडे स्कंक आहे." काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला हा प्राणी आधी पाय आपटून, शेपूट उभारून इशारा देतो, न ऐकल्यास गंधकयुक्त द्रव असा फवारतो की कुत्र्याला आठवडाभर घरात घेता येत नाही. तिथल्या मधपाळांना तर त्याचा खराच त्रास. रात्री पेटीच्या दाराशी येऊन पंजाने खरवडतो आणि पाहायला बाहेर आलेल्या माश्या एकेक करून खातो. त्यावरचा उपाय साधा. पेटी उंच स्टँडवर ठेवायची, म्हणजे त्याला मागच्या पायांवर उभे राहावे लागते आणि उघड्या पडलेल्या पोटावर माश्या डसतात. कुत्र्याचा वास घालवायला तिकडे पूर्वी टोमॅटोचा रस चोळत. त्याने वास जात नाही, नुसता झाकला जातो. पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९९३ मध्ये वेगळा उपाय प्रसिद्ध केला. तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण लिटरभर, पाव कप खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांडी घासायचा द्रव साबण. लगेच वापरायचे, बाटलीत बंद करून ठेवायचे नाही, बाटली फुटते. मुलीने हे मला इतक्या तपशिलाने सांगितले की तिच्या कुत्र्याची कहाणी वेगळी विचारावी लागली नाही.

फोन ठेवला आणि माळ्याकडे पाहिले. आता काय करायचे? मी म्हणालो, "मामा, झरोक्याला जाळी मारून टाकू." ते म्हणाले, "आदी वर कोन कोन हाय ते बगा."

त्यांनी सौभाग्यवतींकडून वाटीभर गव्हाचे पीठ मागून घेतले. झरोक्यापाशी, जिथून प्राणी आत-बाहेर करतो तिथे फळीवर पातळ पसरले. सकाळी त्यावर पावले उठली. नातवाने बोटे मोजली, पाच. मांजराच्या पावलाची चारच उमटतात. बाहेर जाणारी पावले होती, आत येणारीही होती. आणि दुपारी घर निजलेले असताना तक्तपोशीला कान लावला, तेव्हा आतून बारीक चिवचिवाट ऐकू आला. पिले होती.

मी जाळी मारली असती तर आई बाहेर आणि पिले आत राहिली असती. आईने कौले उचकटली असती किंवा पिले माळ्यावर उपाशी मेली असती, आणि मग खरोखरच घराला मसणाचा वास सुटला असता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उदमांजराला संरक्षण आहे. त्याला मारणे, पकडणे, पाळणे हा गुन्हा आहे. पिंजरा लावून परस्पर दाजीपूरच्या रानात सोडून येणे हाही त्यातच आला. प्राणी जखमी असेल, घरात अडकला असेल, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. बाकीच्या वेळी आपल्या हाती असते ते घर नीट ठेवणे.

आम्ही तेच केले. वाघ्या-मनीची भांडी दिवस मावळायच्या आत घरात येऊ लागली. रात्रभर बाहेर राहिलेले दूधभाताचे ताट हेच मोठे आमंत्रण होते. गळलेली फळे संध्याकाळी वेचली. पपईला गोणपाट बांधले. खरकट्याच्या बादलीवर झाकण आले. छपराला टेकलेली फणसाची फांदी छाटायची होती, पण पिले जाईपर्यंत तिला हात लावला नाही. तो त्यांचा जिना होता. भिंतीवरची घाण कोरडी झाडायची नाही; पाणी ओतून, नाकाला फडके बांधून, फिनेलने धुवायची. वाघ्याला रेबीजची वार्षिक लस राहून गेली होती ती दिली. कोणताही रानटी प्राणी चावला वा ओरखडला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे नातवालाही पाठ करून घेतले. पेट्यांसाठी लोखंडी स्टँड आणले. वाट्यांत पाणी आहे की नाही, हे रोज सकाळी मी स्वतः पाहतो.

पडलेल्या पेटीतली पोळी मामांनी केळीच्या सोपटाने चौकटींना बांधून दिली होती. पण सातेरी माशी मानी असते. त्रास झाला की घर सोडते. चौथ्या दिवशी ती वसाहत उठून गेली. फणसावर घटकाभर लोंबली आणि कळंब्याच्या दिशेने निघाली. आमच्या हयगयीची किंमत तिने वसूल केली.

माळ्यावरचे बिऱ्हाड मात्र ज्येष्ठापर्यंत राहिले. एका रात्री अंगणात खाट टाकून पडलो होतो. चांदणे होते. झरोक्यातून आई बाहेर आली, मागून दोन पिले. कौलांवरून, फणसाच्या फांदीवरून एकामागे एक उतरली. वाघ्या दोरीला होता, गुरगुरला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. तिघे भिंतीवरून गेले, ते त्या रात्री परतले नाहीत. पुढचे तीन दिवस पिठावर पाऊल उठले नाही. चौथ्या दिवशी फांदी छाटली, कौले सारखी केली आणि झरोक्याला जाळी मारली.

औषधाची पुडी दुकानदाराने परत घेतली, "लागली नाही का?" असे विचारून. मी म्हटले, "नाही लागली."

अजून एखाद्या मध्यरात्री परसात तांदूळ शिजल्याचा वास येतो. "अहो, वर कोण आहे?" असे आता सौभाग्यवती विचारत नाहीत. म्हणतात, "आली वाटतं. भांडी आत घेतलीत ना?"