पेटी न्हावा-शेव्याला, नोंद दिल्लीला
शेतमाल निर्यातीतील डिजिटल मालप्रेषण आणि बागेतील पहिली नोंद

नाशिक परिसरातील निर्यातक्षम द्राक्षे रस्त्याने न्हावा-शेवा बंदरात जातात आणि तेथून जहाजाने युरोपला रवाना होतात. या प्रवासात दिल्ली कुठेही लागत नाही. असे असले तरी दिल्ली व तिच्या परिसरातून चालणाऱ्या संगणकीय प्रणालींमध्ये नोंद झाल्याशिवाय द्राक्षाची पेटी जहाजावर चढू शकत नाही. बागेच्या नोंदणीपासून पेटीपर्यंतचा माग ठेवणारी प्रणाली नवी दिल्लीतील ऑगस्ट क्रांती मार्गावरील ‘अपेडा’ चालवते. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचे नियमन १९४६ मध्ये स्थापन झालेल्या व फरिदाबाद येथे मुख्यालय असलेल्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे आहे. दिल्ली विमानतळाजवळील रंगपुरी येथे संगरोध केंद्र आहे. उत्तर भारतातील बासमती ज्या कंटेनरमधून बंदराकडे निघतो, त्यांतील अनेक कंटेनर तुघलकाबाद व दादरी येथील अंतर्देशीय आगारांतून सुटतात.

शेतमालाच्या निर्यातीत माल आणि माहिती असे दोन प्रवाह एकाच वेळी वाहतात. दोन्ही प्रवाह वेळेवर व एकमेकांशी जुळवून पुढे नेणे हे फ्रेट फॉरवर्डर, म्हणजेच मालप्रेषक संस्थांचे काम होय. गेल्या दशकात या संस्थांच्या कामाचे स्वरूप वेगाने डिजिटल झाले आहे. या बदलाचा लाभ शेतकऱ्यापर्यंत कसा पोहोचतो आणि तो कोठे अडतो, हे विस्तार कार्यकर्त्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

कागदाकडून पडद्याकडे

निर्यातदार आणि जहाज किंवा विमान कंपनी यांच्यामधील दुवा म्हणजे मालप्रेषक. जहाजात जागा राखणे, कंटेनर मागवणे, सीमाशुल्काची पूर्तता करणे, प्रमाणपत्रे जोडणे ही त्याची कामे. पूर्वी यांतील प्रत्येक कामासाठी कागदाची संचिका एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यावी लागे. १ एप्रिल २०१६ पासून आयातीसाठी ‘स्विफ्ट’ ही एक खिडकी व्यवस्था सुरू झाली आणि वनस्पती संगरोधासह सहा नियामक यंत्रणा सीमाशुल्काच्या प्रणालीशी जोडल्या गेल्या. त्याच वर्षी जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनरवर रेडिओ लहरींनी वाचता येणारे टॅग लावून त्यांचा माग ठेवण्यास प्रारंभ झाला. २०१८ मध्ये ‘ई-संचित’द्वारे आधारभूत कागदपत्रे संगणकावरच सादर करण्याची सोय झाली, आंतरराज्य वाहतुकीसाठीचे ई-वे बिलही त्याच वर्षीचे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीत जाहीर झालेल्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणात विविध खात्यांची माहिती एकत्र जोडणाऱ्या ‘यूलिप’ या मंचाचा समावेश आहे.

नाशवंत मालासाठी वेळेची बचत मोलाची आहे. हापूस आंबा किंवा द्राक्ष एका सहीसाठी दोन दिवस थांबू शकत नाही. परंतु या सर्व प्रणाली भरलेली माहिती वाहून नेतात. ती माहिती खरी आहे किंवा नाही, हे त्यांना कळत नाही. फळाच्या सालीखाली घातलेले अंडे संगणकाला दिसत नाही. ते शोधण्याचे काम बागेत व पॅकहाऊसमध्ये माणसालाच करावे लागते.

फळमाशीचा धडा

युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा तसेच वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. २०१३ मध्ये फळे व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या परदेशी किडी आढळल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले. या सर्व खेपा प्रमाणपत्र घेऊनच निघाल्या होत्या, असे मानले तरी फळमाशीचा जीवनक्रम लक्षात घेतल्यास असे का घडते, ते समजते. मादी सालीखाली अंडी घालते. उष्ण हवामानात एक-दोन दिवसांत अळी बाहेर पडते आणि सुमारे आठवडाभर गरावर जगते. काढणीच्या दिवशी निर्मळ दिसणारे फळ विमानतळावर उतरेपर्यंत किडलेले असू शकते. बाह्य तपासणी प्रामाणिकपणे केली तरी ती अपुरी पडते.

जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला. त्यामागे संगणकीय सुधारणा नव्हती, तर प्रक्रियेतील सुधारणा होती. फळे ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याच्या उष्णजल प्रक्रियेने अंडी व अळ्या नष्ट होतात. अमेरिकेसाठी ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया लागू आहे. २००७ मध्ये भारतीय आंब्याचा अमेरिकेतील प्रवेश याच अटीवर पुन्हा सुरू झाला. या दोन्ही पद्धतींत तापमान, वेळ व मात्रा यांची नोंद हा प्रक्रियेचाच भाग असतो. नोंद नसेल तर प्रक्रिया झालीच नाही, असे आयातदार देश मानतो.

मे २०२५ मध्ये याचा कटू प्रत्यय आला. विकिरण प्रक्रिया होऊन मुंबईहून विमानाने अमेरिकेस गेलेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथील विमानतळांवर अडवण्यात आल्या. आक्षेप किडीबद्दल नव्हता, तर प्रक्रियेच्या दस्तऐवजांबद्दल होता. परत आणण्याचा खर्च न परवडल्याने आंबा तेथेच नष्ट करावा लागला. चांगले फळ, वेळेत मिळालेले विमान आणि तत्पर मालप्रेषक, हे सारे असूनही एका नोंदीमुळे हंगामाचा माल वाया गेला.

‘ग्रेपनेट’ने काय साधले, काय राहिले

नोंदींची साखळी बागेपासून बांधण्याचा देशातील पहिला मोठा प्रयोग द्राक्षात झाला. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळल्यावर उर्वरित अंश नियंत्रण योजना आली आणि २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ सुरू केले. बागेची नोंदणी राज्याच्या कृषी विभागाकडे होते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नमुना घेऊन अहवाल थेट प्रणालीत भरते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहते. अहवाल अनुकूल नसेल तर त्या बागेतील माल पुढच्या टप्प्यात जाऊ शकत नाही. युरोपातील विक्रेत्याकडे पोहोचलेल्या पेटीवरून मूळ बागेपर्यंत मागे येता येते. पुढे डाळिंब, आंबा व भाजीपाला यांसाठीही याच धर्तीवर व्यवस्था उभी राहिली आणि ती ‘हॉर्टिनेट’ या एका छत्राखाली आली.

तरीही २०१० च्या हंगामात मोठा फटका बसला. सीसीसी या नावाने बागायतदारांना परिचित असलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रकाचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा अधिक आढळले. तेथील मर्यादा प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅम होती आणि भारतात तपासावयाच्या रसायनांच्या यादीत हे रसायनच नव्हते. माग काढणारी प्रणाली त्या वेळी अस्तित्वात होती, परंतु जे मोजण्यास सांगितलेच नव्हते ते तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बागेतील फवारणी वहीत मात्र ते असू शकत होते. म्हणून फवारणीची वही ही प्रयोगशाळेच्या अहवालाला पर्याय नसून त्याच्या आधीचा आणि त्याहून व्यापक पुरावा आहे.

कंटेनरही तपासणीच्या कक्षेत

कीड मालातूनच जाते असे नाही. खापरा भुंगेऱ्याची अळी अन्नाशिवाय दीर्घकाळ सुप्तावस्थेत राहू शकते आणि कंटेनरच्या फटींत, फळ्यांखाली दडून बसते. कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये ती आढळल्यानंतर निर्मूलनाची मोहीम १९६६ पर्यंत चालवावी लागली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात आयात केलेल्या रेफ्रिजरेटरच्या वेष्टनात खापरा सापडला. त्यानंतर त्या देशाने टप्प्याटप्प्याने लागू केलेले निर्बंध धान्यापुरते न राहता धोक्याच्या प्रदेशांत भरलेल्या कंटेनरांपर्यंत पोहोचले. भारताचा समावेश खापऱ्याच्या मूळ प्रदेशात होतो. बासमती उत्पादक पट्ट्याला लागून असलेल्या दिल्ली परिसरातील आगारांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. कंटेनर याआधी कोठे होता, त्यात काय भरले होते आणि तो कधी स्वच्छ केला, ही माहिती आता किडीच्या धोक्याचे मोजमाप ठरली आहे.

लाकडी पॅलेट व खोके यांनाही हाच न्याय लागू होतो. लाकूड पोखरणाऱ्या आशियाई भुंगेऱ्याने १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिरकाव केल्याचे उघड झाले. २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वेष्टनाच्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापवणे किंवा अन्य मान्य प्रक्रिया करणे आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का उमटवणे आवश्यक आहे. शिक्का नसलेले एक पॅलेट संपूर्ण खेप अडवू शकते.

डिजिटल साखळीच्या मर्यादा

संगणकीय व्यवस्था स्वतःही कोलमडू शकते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे ठप्प केले आणि त्याची झळ जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही बसली. मर्स्क व आयबीएम यांनी २०१८ मध्ये गाजावाजाने आणलेला ‘ट्रेडलेन्स’ हा सामाईक मंच बंद करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला. संपूर्ण उद्योगाचे पुरेसे सहकार्य मिळाले नाही, हे त्याचे कारण सांगितले गेले. तंत्रज्ञान उपलब्ध असूनही माहिती एकमेकांना देण्याची तयारी नसेल तर साखळी अपुरी राहते. गावपातळीवरही हेच दिसून येते. फवारणीची माहिती शेतकऱ्याकडे, सापळ्यांची गटाकडे, प्रक्रियेची पॅकहाऊसकडे आणि कंटेनरची मालप्रेषकाकडे राहिली, तर शंका उपस्थित झाल्यावर उत्तर देणारा कोणीच नसतो.

शेतकरी व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

१. सात-बारा, बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल व बीजक यांवर शेतकऱ्याचे नाव, गाव व गट क्रमांक अक्षरशः एकसारखे असावेत. नावातील एका मात्रेचा फरकही प्रणालीत वेगळी व्यक्ती दाखवू शकतो.

२. फवारणीची नोंद त्याच दिवशी करावी. रसायन, मात्रा व काढणीपूर्व कालावधी यांसोबत कोणत्या किडीसाठी फवारणी केली, हेही लिहावे. वाढ नियंत्रक व पर्णपोषके वगळू नयेत.

३. फळमाशीच्या सापळ्यांतील संख्या दर आठवड्याला तारखेसह टिपावी. एकही माशी न मिळाल्यास ‘शून्य’ लिहावे. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. ती न केलेली पाहणी ठरते.

४. पॅकहाऊसमध्ये काही फळे कापून पाहावीत आणि किती फळे कापली व काय आढळले, याची नोंद ठेवावी.

५. उष्णजल किंवा विकिरण प्रक्रियेच्या नोंदीची प्रत माल गाडीत चढण्यापूर्वी हाती घ्यावी. त्यातील दिनांक, वेळ व खेप क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत.

६. रिकाम्या कंटेनरचे कोपरे, दाराची रबरी पट्टी व तळ विजेरीने तपासून छायाचित्रे काढावीत. पॅलेटवरील शिक्काही त्याच वेळी पाहावा.

७. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचा मसुदा मालप्रेषकाने पाठवल्यावर निर्यातदाराने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने तो स्वतः वाचावा. पिकाचे शास्त्रीय नाव, वजन, पेट्यांची संख्या, प्रक्रिया व कंटेनर क्रमांक या पाच बाबी प्रमाणपत्र निर्गमित होण्यापूर्वी दुरुस्त होऊ शकतात. त्यानंतरची खाडाखोड आयातदार देशाला मान्य नसते.

८. सर्व नोंदींची एक छापील प्रत गटाच्या कार्यालयात ठेवावी.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक निर्यातदार गटाने एक रंगीत तालीम करणे हितावह ठरेल. मागील हंगामातील कोणत्याही एका पेटीचा क्रमांक घ्यावा आणि त्या पेटीची बाग, काढणीचा दिवस, शेवटची फवारणी, त्या आठवड्यातील सापळ्यांची संख्या व कंटेनर क्रमांक किती वेळात सांगता येतो, ते पाहावे. ज्या टप्प्यावर उत्तर अडते, तेथे यंदा नोंद ठेवण्याची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीकडे सोपवावी.