मुलाला विमानात बसवताना

मे महिन्यात डोंबिवली-कल्याणची मुलं आजोळी निघतात. आजोळ नागपूरला आणि आईबाबांना रजा नाही, मग मुलाला विमानाने एकटंच पाठवायचा विचार येतो. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी वेगळं शुल्क घेऊन ही सोय देतात. नुसतं तिकीट काढून भागत नाही. आधी नोंदणी करून अर्ज भरावा लागतो. त्यात मुलाला सोडणाऱ्याचं आणि उतरवून घेणाऱ्याचं नाव, फोन येतो. पलीकडे तीच व्यक्ती ओळखपत्रासह हजर लागते. ऐनवेळी मामाऐवजी शेजारचे काका गेले, तर अडलंच. सोडणाऱ्यानेही विमान उडेपर्यंत विमानतळावरच थांबायचं.

सोबत जाणाऱ्यांसाठी एक चांगला निर्णय २०२४ च्या एप्रिलमध्ये झाला: १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई, वडील किंवा पालकाशेजारी जागा द्या, असं विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना बजावलं. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं.

बाळं रडतात ती बहुधा विमान उतरताना. बाहेरचा दाब वाढतो, कान आणि घसा जोडणारी अरुंद नळी पटकन उघडत नाही, कानाला दडे बसतात. गिळलं की ती उघडते. म्हणून तेव्हा दूध पाजावं, मोठ्यांना गोळी चघळायला द्यावी.

विमानतळ गाठायला लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथून भुयारी मेट्रोने टर्मिनल दोन, हा रस्ता स्वस्त आहे. पण सकाळच्या लोकलमध्ये मूल आणि बॅगा? टॅक्सीच करा.