मण्याची नोंद झाली, माणसाची राहिली

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला फवारणीचा चोख हिशेब ठेवायला युरोपच्या बाजाराने लावले. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून माल नाकारला गेला, २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेची, बागेपर्यंत मालाचा माग काढणारी ग्रेपनेट प्रणाली आली आणि २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांनी हात पोळल्यावर तपासणी आणखी कडक झाली. आज निर्यातीच्या बागेत कोणते औषध कधी मारले, काढणीला किती दिवस उरले हे वहीत उतरते आणि नमुना प्रयोगशाळेत जातो. दिंडोरी-निफाडने ही शिस्त अंगवळणी पाडली, याचा अभिमान वाटावा. पण ते औषध ज्याने मारले, त्याला त्या संध्याकाळी काय झाले यासाठी त्या वहीत रकाना नाही. शेतातले अपघात टाळणे इथेच अडले आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावतात ती पेस्ट पाहा. त्यातले हायड्रोजन सायनामाइड कातडी आणि डोळे भाजते. ते अंगात गेलेल्या माणसाने त्या दिवसांत दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुराला हे कोणी सांगायचे? इटलीत २००२ ते २००४ या काळात या रसायनाने आजारी पडलेल्यांच्या नोंदी झाल्या आणि २००८ मध्ये युरोपीय संघाने त्याला मान्यता नाकारली. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळात कीडनाशक फवारणीने वीसवर माणसे दगावली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. किरकोळ विषबाधांची नोंद त्याआधीच होत असती, तर धोका लवकर दिसला असता.

‘मजूरच हातमोजे घालत नाहीत,’ हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. उन्हात रबरी मोजे आणि मास्क दिवसभर टिकत नाहीत. म्हणून घातक औषध बदलणे आणि यंत्र झाकणे आधी यायला हवे. फवारणीच्या ब्लोअरला फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा उपरण्याचे टोक त्यात गेले, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. तिथे सावधगिरीचा उपदेश कुचकामी असतो, शाफ्टवरचे आवरणच वाचवते. ते परवडत नाही, ही सबब ब्लोअरची किंमत मोजणाऱ्याने तरी देऊ नये.

राज्य सरकारने २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत विम्याऐवजी थेट अनुदान सुरू केले. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे, पण ती अपघात घडून गेल्यावर येते, आणि तीही वहितीधारक खातेदार व त्याच्या घरातल्या एका सदस्यापुरती. सातबारा नसलेला फवारणी मजूर तिच्या बाहेर आहे. मंजूर दाव्यांचे कागद आज सरकारदरबारी आहेतच. कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, कशाने माणसे गेली हे त्यावरून काढून छाटणीआधी गावात वाचून दाखवता येईल. नोंद केली तर आळ आपल्यावर येईल, ही बागायतदाराची भीती समजण्यासारखी आहे. म्हणून पहिली काही वर्षे या नोंदी दंडासाठी वापरणार नाही, असे कृषी विभागाने लेखी द्यावे आणि मजुराचा रकाना निर्यात नोंदणीच्या अर्जातच घालावा.