पहिल्या दिवशीचा कागद

दहावी-बारावीचे निकाल लागले की बीड जिल्ह्यातल्या घराघरांत एकच खल सुरू होतो. पोराला घालायचे कुठे? गुण भरघोस असतील तर विज्ञान आणि पुढे लातूरचे क्लास. पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर कला शाखा. उरली वाणिज्य. ती मोंढ्यातल्या आडत्यांच्या आणि कापड दुकानदारांच्या मुलांसाठी, असेच पूर्वी धरले जाई. आता चित्र पालटले आहे. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडच्या वाड्या-वस्त्यांवरची, घरात कधी खतावणी न पाहिलेली मुले-मुली बी.कॉम.च्या पहिल्या वर्गात येऊन बसतात. मी त्यांना हिशेब शिकवतो. सोबत आलेल्या वडिलांची अपेक्षा अगदी मोजकी असते. "सर, बँकेत चिकटला म्हणजे गंगेत घोडे न्हाले!"

पहिल्या तासाला वर्गात एक कागद वाटला जातो. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी. गृहपाठाची वही ठरल्या तारखेला दिली पाहिजे. नक्कल आढळल्यास गुण मिळणार नाहीत. चाचणी चुकल्यास इतक्या दिवसांत लेखी अर्ज करावा. तासाला मोबाईल बंद. मुले कागदाची घडी करून खिशात घालतात आणि तिथून तो बहुधा धुण्यात जातो. पालकांच्या नजरेला तो क्वचितच पडतो. माझे म्हणणे असे की, वर्षभराच्या अभ्यासक्रमातला सर्वांत महत्त्वाचा धडा त्या कागदावर असतो. कारण तो कागद म्हणजे करार आहे, आणि आमच्या भागातल्या पुष्कळ घरांनी आजवर लिहिलेला करार पाहिलेलाच नाही.

ऊसतोडीचाच व्यवहार घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाच्या आधी मुकादम या जोडीला उचल देतो आणि ती तोडीच्या मजुरीतून फेडायची असते. उचल किती घेतली, टन किती भरले, मधल्या काळात खर्ची किती नेली, याची नोंद बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीत असते. मजुराच्या हातात तिची प्रत नसते. विश्वास असतो, पण कागद नसतो.

म्हणून वर्गातले पहिले उदाहरण मी तिथूनच घेतो. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये ठरला, तोच धरू. मुकादमाचे कमिशन वेगळे, ते बाजूला ठेवू. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर उचल फिटायला किती दिवस लागतील? लाखाला ३६६ ने भागा. सुमारे २७३ टन, म्हणजे १३७ दिवस, साडेचार महिने. जवळजवळ अख्खा हंगाम गेला. आता दर पंधरवड्याला दोन हजार रुपये खर्ची धरा. नऊ पंधरवड्यांचे अठरा हजार झाले. हंगाम संपला तरी अठरा हजारांची बाकी राहिली, आणि पुढच्या वर्षीच्या खात्यातली पहिली ओळ आताच ठरली: मागील बाकी.

हे गणित फळ्यावर उतरले की मागच्या बाकांवरून हमखास प्रश्न येतो, "सर, आजारपणाचे दिवस कुणाच्या नावे?" या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही. पण ते सांगावेच लागते. जे आधी लिहून ठरवलेले नसते, ते नेहमी दुबळ्याच्या नावे पडते.

हीच गोष्ट वर्गालाही लागू आहे. नियम आधी लिहिलेला नसेल, तर ज्याचे वडील प्राध्यापकांना ओळखतात त्याची वही उशिरा चालते आणि वस्तीवरून एस.टी.ने आलेल्या मुलीची परत जाते. नियम लिहिलेला असला की दोघांना एकच तारीख. पुष्कळांना नियम म्हणजे जाच वाटतो. पण ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याला लिहिलेल्या नियमाइतका भक्कम आधार दुसरा नाही.

अर्थात हे नियम काही आमच्या मातीत उगवलेले नाहीत. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले, आशियातले ते वाणिज्याचे पहिले महाविद्यालय. पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला आणि मराठवाडा विद्यापीठ निघाले ते १९५८ साली. म्हणजे मुंबईची मुले ताळेबंद मांडायला शिकली त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी आमच्या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. तोवर वाणिज्याची शाळा म्हणजे पेढी आणि मास्तर म्हणजे दिवाणजी.

पेढीचेही नियम होतेच की! रोजची कीर्द रोज लिहायची. दिवस मावळताना गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळली पाहिजे. आकडा चुकला तर खोडून गिरवायचे नाही, त्यावर आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, म्हणजे मूळ काय होते ते दिसत राहते. आमच्या कागदावरची 'वही वेळेवर द्या' ही ओळ त्या नियमांचीच नात आहे. वीस दिवसांच्या नोंदी परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिणाऱ्या मुलाला गुण कमी मिळतात ते शिक्षकाच्या लहरीने नव्हे. उद्या दुकानाच्या वहीत तो असेच करील तेव्हा जीएसटीचे विवरणपत्र चुकेल आणि विलंब शुल्क भरावे लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत अवघड नियम हजेरीचा. साठ तासांच्या विषयाला पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचेचाळीस तास. पंधरा चुकले तरी चालतात. आठवड्याला चार तास धरले तर एका महिन्यात सोळा तास होतात. म्हणजे जो एक महिना बाहेर राहिला, तो नियमाच्या बाहेर गेला. दिवाळीनंतर आमच्या वर्गातले काही बाक रिकामे होतात. मुलगा आई-वडिलांबरोबर फडावर जातो. मुलगी गावातच राहते, पण आजीसोबत धाकट्या भावंडांचे पाहायचे म्हणून तिला घराबाहेर पडता येत नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. तिचा हिशेब मी असा मांडतो, की धाकट्यांची सोय लागली तर थोरल्या बहिणीची कॉलेजातली हजेरी वाचते. शिक्षणाची खाती अशी एकमेकांत गुंतलेली असतात.

मग हजेरीचा नियम सैल करावा का? माझ्या मते नाही. हिशेब ही ऐकून येणारी विद्या नव्हे, ती हाताने करून येते. बुडालेले तास दयेने भरून निघत नाहीत. मात्र अडचणीची वाटही नियमातच लिहिलेली असावी. हंगामावर जाणाऱ्याने जाण्याआधी कळवावे, अमुक प्रकरणांची उदाहरणे सोबत न्यावीत, परतल्यावर अमुक तारखेच्या आत सोडवून दाखवावीत आणि जादा तासांना बसावे. ही सवलत मागणाऱ्याला ती उपकार म्हणून नव्हे, तर कलम म्हणून मिळाली पाहिजे. उपकाराने मिळालेली हजेरी आणि तोंडी दिलेली उचल, दोन्ही सारख्याच धोक्याच्या.

नव्या शैक्षणिक धोरणाने याबाबतीत एक दार उघडले आहे आणि ते पालकांना ठाऊक असायला हवे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ते लागू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक मिळवून उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम पुरा केला, तर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे नेता येते. सारे शिक्षण सात वर्षांत संपवायचे. पूर्वी मधेच गळालेल्या मुलाच्या हाती काहीच उरत नसे. आता मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात. परंतु दार उघडे आहे म्हणून बाहेर पडण्याची घाई नको. विशेषतः मुलीचे लग्न जमले की 'प्रमाणपत्र मिळालेच आहे, पुढचे नंतर पाहू' असे म्हणणाऱ्या घरांनी त्या 'नंतर'ची तारीखही कागदावर लिहून द्यावी!

राहिला नक्कल न करण्याचा नियम. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलेला ताळेबंद चटकन जुळतो, हीच त्यातली गोम. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली, पण ती का आली हे उतरवणाऱ्याला कळलेले नसते. जुळलेल्या बेरजेवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची सवय किती महागात पडते, हे आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. २०२३ नंतर इथल्या काही मल्टिस्टेट पतसंस्था अडचणीत आल्या आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एवढी एक ओळ घरातल्या कॉलेजकुमाराने जेवताना सांगितली असती तर? ताळेबंद वाचून कर्जे कुणाला दिली आहेत, राखीव निधी किती आहे, इतके व्याज परवडते कसे, असे विचारणारा एक माणूस प्रत्येक घरात हवा. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाकडून माझी हीच किमान अपेक्षा आहे. बँकेतली नोकरी सगळ्यांना मिळणार नाही. पण बँकेला प्रश्न विचारण्याची अक्कल सगळ्यांना मिळू शकते.

भाषेचा अडसर मात्र फसवा आहे. 'डेबिट' आणि 'क्रेडिट' ऐकून मराठी माध्यमातली मुले बिचकतात. 'नावे' आणि 'जमा' म्हटले की चेहरे खुलतात, कारण किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असतात. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, एवढे पक्के झाले की इंग्रजी शब्द मागाहून मुकाट येतात. तेव्हा 'समजले नाही तर विचारावे' ही ओळही त्या कागदावर असावी, आणि विचारणाऱ्याला हसणार नाही, हे शिक्षकाने पाळावे.

कारण करार म्हटला की तो दोन्ही बाजूंना बांधतो. तास वेळेवर होतील, तपासलेली वही इतक्या दिवसांत परत मिळेल, अंतर्गत गुण कशाला किती ते आधी सांगितले जाईल, हे महाविद्यालयाचे देणे आहे. पुष्कळ ठिकाणी कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असून तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम चालते. पंचाहत्तर टक्के हजेरी मागणाऱ्या संस्थेने शंभर टक्के तास होतील याची हमी द्यायला नको का? पालकांनी ती खुशाल मागावी.

यंदा आपला मुलगा किंवा मुलगी पहिल्या वर्षाला जात असेल, तर फीची पावती जपून ठेवाल तसा तो कागदही मागून घ्या. वाचता येत नसेल तर पोराकडून मोठ्याने वाचून घ्या, न पटलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारा आणि मगच खाली सही करा, अंगठा असेल तर अंगठा. घरातल्या एखाद्या व्यवहाराची सुरुवात तरी दोन्ही बाजूंच्या लेखी कबुलीने होऊ द्या. पुढच्या हंगामाच्या उचलीचा कागद मागण्याचे बळ त्यातूनच येईल.