मोठा आराखडा, अनेक विंडो : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मथळे, त्यांच्या पोटात उपमथळे आणि प्रत्येकाखाली मजकूर, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना प्रबंध, पाठ्यपुस्तक, नियमावलीचा मसुदा, कोशाच्या नोंदी किंवा संशोधनाची टिपणे यांत असते. असा दस्तऐवज दहा-वीस पानांचा असतो तोवर मजकूर वरखाली सरकवून काम भागते. तो काहीशे पानांचा झाला, की लिहिणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी डोळ्यांसमोर लागतात : हातातला परिच्छेद आणि संपूर्ण रचनेतली त्याची जागा. एका विंडोत त्या दोन्ही धड मावत नाहीत. त्यासाठी स्क्रीन विभागून एकाच दस्तऐवजाची दोन-तीन दृश्ये शेजारी मांडण्याची सोय जवळपास प्रत्येक चांगल्या एडिटरमध्ये दिलेली असते. मात्र ती नेमकी कशी चालते याविषयी बरेच गैरसमज असल्याने अनेक जण ती वापरतच नाहीत, किंवा वापरून निराश होतात.

सुरुवातीला तीन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. डिस्कवर साठवलेली असते ती फाइल. एडिटरने ती उघडली, की तिचा मजकूर संगणकाच्या मेमरीत येतो. ईमॅक्स आणि विम या एडिटरांत त्याला बफर म्हणतात. त्या बफरचा जो भाग स्क्रीनवर दिसतो, ती विंडो. ईमॅक्समध्ये बाहेरच्या संपूर्ण चौकटीला फ्रेम म्हणतात आणि तिच्या आतल्या प्रत्येक कप्प्याला विंडो. फाइल, बफर आणि विंडो यांची सरमिसळ झाली, की पुढचे बहुतेक गैरसमज निर्माण होतात.

गैरसमज १ : ही सोय अलीकडची आहे आणि ती फक्त प्रोग्रॅमरांच्या कामाची आहे.

वस्तुस्थिती : आराखडा आणि विभागलेली स्क्रीन या दोन्ही कल्पना पन्नास वर्षांहून जुन्या आहेत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये विकसित झालेल्या एनएलएस या प्रणालीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. वाणसामानाची यादी गटांत लावणे, गट मिटवून फक्त वरच्या पातळीच्या ओळी दाखवणे आणि स्क्रीनचे भाग पाडणे हे सारे त्यात होते. पुढे १९८३ मध्ये डेव्ह वायनर यांच्या थिंकटँक या प्रोग्रॅमने आराखडा लिहिण्याची पद्धत घरगुती संगणकांवर आणली. ईमॅक्सचा ऑर्ग मोड २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःची टिपणे आणि कामे लावण्यासाठी लिहायला घेतला. २००७ च्या ईमॅक्स २२ पासून तो ईमॅक्सबरोबरच मिळतो. मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिब्रेऑफिस रायटर यांतही एकाच दस्तऐवजाची दुसरी विंडो उघडण्याची आज्ञा आहे. लेखक, संपादक, वकील, शिक्षक अशा कोणालाही ती उपयोगी पडते.

गैरसमज २ : दुसरी विंडो उघडली, की फाइलची दुसरी प्रत तयार होते; एकीतले बदल दुसरीत येत नाहीत.

वस्तुस्थिती : एडिटरच्या आतूनच दुसरी विंडो उघडली, तर मजकूर एकच राहतो, दृश्ये दोन होतात. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स आणि मग २ दाबल्यास विंडो वर-खाली विभागते, ३ दाबल्यास डावी-उजवी. विममध्ये हेच काम स्प्लिट आणि व्हीस्प्लिट या आज्ञा करतात. वर्डमध्ये व्ह्यू टॅबवर न्यू विंडो आणि स्प्लिट हे दोन पर्याय आहेत. प्रत्येक विंडोचा कर्सर आणि सरकण्याची जागा स्वतंत्र असते. त्यामुळे एकीत प्रस्तावना आणि दुसरीत शेवटचे प्रकरण उघडे ठेवता येते. एकीत टाइप केलेले अक्षर मात्र मेमरीतल्या त्याच मजकुरात जाते. सेव्ह कोणत्याही विंडोतून केले, तरी संपूर्ण दस्तऐवज सेव्ह होतो.

यातून एक सावधगिरी निघते. ईमॅक्समध्ये केलेले बदल मागे घेण्याचा इतिहास विंडोचा नसून बफरचा असतो. उजव्या विंडोत काही बदलून लगेच डाव्या विंडोत अनडू केले, तर उजवीकडचा ताजा बदल आधी मागे जातो.

प्रतीची भीती खरी ठरते ती वेगळ्या परिस्थितीत. तीच फाइल दोन वेगळ्या एडिटरांत, किंवा एकाच एडिटरच्या दोन स्वतंत्र प्रक्रियांत उघडली, तर मेमरीत खरोखरच दोन प्रती तयार होतात आणि शेवटी सेव्ह केलेली प्रत आधीचीवर लिहिली जाण्याचा धोका असतो. म्हणूनच विम स्वॅप फाइल सापडताच इशारा देतो, तर दुसऱ्या ईमॅक्समध्ये बदल सुरू असलेल्या फाइलला हात लावताच ईमॅक्स आधी विचारतो. हे इशारे न वाचता पुढे जाणे महागात पडते.

गैरसमज ३ : एका विंडोत आराखडा मिटवला, तरी दुसरीत मजकूर उघडाच राहतो.

वस्तुस्थिती : हे एडिटरवर अवलंबून आहे, आणि सर्वाधिक निराशा इथेच होते. विममध्ये मिटवलेल्या ओळींची नोंद प्रत्येक विंडोपुरती असते. एका विंडोत फक्त मथळे आणि दुसरीत पूर्ण मजकूर असे तिथे सहज ठेवता येते. ईमॅक्समध्ये मात्र मिटवणे-उघडणे बफरशी जोडलेले असते. ऑर्ग मोडमध्ये शिफ्ट-टॅब दाबून डावीकडे फक्त मथळे ठेवले, की उजवीकडचा मजकूरही मिटतो. एकाच शाखेवर लक्ष ठेवण्यासाठी केलेले नॅरोइंग, म्हणजे बाकीचा दस्तऐवज नजरेआड करणे, हेही बफरचेच असते. ते दोन्ही विंडोंना लागू होते.

यावर ईमॅक्सचा उपाय आहे इनडायरेक्ट बफर. हा मूळ बफरचाच मजकूर दाखवतो, पण त्याचे मिटवणे-उघडणे, नॅरोइंग आणि कर्सर स्वतंत्र असतात. ऑर्ग मोडमध्ये एखाद्या मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, बी या कळा क्रमाने दाबल्या, की फक्त ती शाखा दुसऱ्या विंडोत उघडते. मूळ विंडोत संपूर्ण आराखडा मिटलेला राहतो आणि शेजारी हातातला भाग उघडा. नंतर दुसऱ्या मथळ्यावर हीच आज्ञा दिली, तर आधीचा इनडायरेक्ट बफर बंद होऊन नवा उघडतो. जुना ठेवायचा असल्यास आज्ञेआधी कंट्रोल-यू दाबावे. इनडायरेक्ट बफर सेव्ह केला, की प्रत्यक्षात मूळ बफर सेव्ह होतो. इनडायरेक्ट बफर बंद केल्याने मूळ मजकुराला काही होत नाही. मूळ बफर बंद केला, तर त्याचे इनडायरेक्ट बफरही जातात.

गैरसमज ४ : मथळा मोठ्या आणि ठळक अक्षरांत लिहिला, की एडिटरला तो मथळा म्हणून कळतो.

वस्तुस्थिती : माणसाच्या डोळ्याला मथळा दिसणे आणि प्रोग्रॅमला तो कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्डच्या नेव्हिगेशन पेनमध्ये हेडिंग १, हेडिंग २ अशी शैली दिलेल्या ओळी येतात. नुसते ठळक केलेले परिच्छेद येत नाहीत. कंट्रोल-आल्ट-१ ही कळ पहिल्या पातळीची शैली देते, २ आणि ३ पुढच्या पातळ्यांची. ऑर्ग मोडमध्ये ओळीच्या आरंभी जितक्या तारका, तितकी मथळ्याची पातळी. मार्कडाउनमध्ये हेच काम हॅशचे चिन्ह करते.

शैली नीट दिल्याचा लाभ केवळ यादी दिसण्यापुरता नसतो. वर्डच्या नेव्हिगेशन पेनमध्ये मथळा माउसने धरून हलवला, की त्याखालचा सारा मजकूर आणि उपमथळे त्याच्यासोबत जातात. लिब्रेऑफिस रायटरमध्ये एफ५ दाबून उघडणारा नॅव्हिगेटर मथळे पुढेमागे नेतो आणि त्यांची पातळीही बदलतो. ऑर्ग मोडमध्ये आल्ट आणि वर-खाली बाण दाबून संपूर्ण शाखा सरकवता येते. विंडो कितीही नेटक्या मांडल्या, तरी मथळे खरे नसतील तर आराखड्याच्या विंडोत दाखवायला काही उरत नाही.

गैरसमज ५ : शब्दशोध असताना आराखड्याची विंडो कशाला?

वस्तुस्थिती : शोधासाठी नेमका शब्द आठवावा लागतो, आराखडा तो कुठे असू शकेल हे दाखवतो. मोठ्या दस्तऐवजात एखादा शब्द शेकडो ठिकाणी येतो आणि शोध त्या सगळ्या ठिकाणांना सारखेच महत्त्व देतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘शेतकऱ्यांचा’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ या अक्षराला हलंत जोडून, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. स्क्रीनवर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण साध्या शोधाला ती वेगळी वाटतात. दोन कीबोर्डांवर लिहिलेला किंवा अनेकांनी टाइप केलेला मजकूर एकत्र असेल, तर अस्तित्वात असलेला शब्दही ‘सापडला नाही’ असे उत्तर येते. आराखड्यातून त्या प्रकरणापर्यंत पोचणाऱ्याला ही अडचण येत नाही. शोध आणि आराखडा दोन्ही जवळ ठेवणे शहाणपणाचे.

गैरसमज ६ : जितक्या जास्त विंडो, तितके काम वेगाने.

वस्तुस्थिती : स्क्रीनची रुंदी ठरलेली असते. १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनचे तीन समान उभे भाग केले, तर प्रत्येकाला ६४० पिक्सेल मिळतात. अक्षर वाचण्याजोगे मोठे ठेवले, तर त्यात ओळ लवकर तुटते आणि सलग वाचन अडखळते. आडवे भाग केले, तर ओळी कमी दिसतात. देवनागरीत मात्रा आणि रफार वर, तर उकार खाली असल्याने ओळीला उंचीही जास्त लागते. मजकुरासाठी म्हणून डावी-उजवी विभागणी बहुधा सोयीची ठरते. वर-खाली विभागणी शोभते ती एखादी व्याख्या, तक्ता किंवा संदर्भाच्या चार ओळी डोळ्यांसमोर ठेवायच्या असतील तेव्हा.

विंडो सारख्या आकाराच्या असाव्यात असेही नाही. आराखड्याला अरुंद पट्टी पुरते, कारण मथळे आखूड असतात; लिखाणाच्या विंडोला उरलेली रुंदी द्यावी. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स आणि महिरपी कंस दाबून विंडोची रुंदी कमी-जास्त होते. दुसऱ्या विंडोतला संदर्भ वाचताना कर्सर तिकडे न्यावाच लागतो असेही नाही. कंट्रोल-आल्ट-व्ही दाबल्यास शेजारची विंडो सरकते. सलग वाचायचे असेल, तर फॉलो मोडमध्ये शेजारशेजारच्या विंडो एकच मजकूर क्रमाने दाखवतात : डावी जिथे संपते, तिथून उजवी सुरू होते.

गैरसमज ७ : दस्तऐवज मोठा झाला, की त्याचे तुकडे करावेच लागतात.

वस्तुस्थिती : साधा मजकूर वाटतो त्यापेक्षा फारच कमी जागा घेतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. शब्दामागे सरासरी सहा चिन्हे आणि एक मोकळी जागा धरली, तर दोन लाख शब्दांची फाइल सुमारे ४ एमबीची होते. मोठी फाइल उघडण्यापूर्वी ईमॅक्स विचारतो ती त्याची मूळ मर्यादा सुमारे १० एमबी आहे. ईमॅक्स मंदावतो तो बहुधा फाइलच्या आकारामुळे नव्हे, तर एकाच अतिशय लांब ओळीमुळे, आणि ती अडचणही २०२३ च्या ईमॅक्स २९ मध्ये बरीच कमी करण्यात आली.

तुकडे केल्याने मथळ्यांची हलवाहलव, एकत्रित शोध आणि अनुक्रमणिका अवघड होतात. अनेक जण वेगवेगळ्या प्रकरणांवर एकाच वेळी काम करत असतील, किंवा वर्डच्या फाइलमध्ये शेकडो चित्रे असतील, तेव्हा विभागणीला कारण असते. केवळ पाने वाढली हे कारण पुरेसे नाही.

गैरसमज ८ : विंडोंची मांडणी रोज नव्याने करावी लागते, म्हणून तो खटाटोप नको.

वस्तुस्थिती : मांडणी जपता येते. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स, आर, डब्ल्यू आणि एखादे अक्षर दाबले, की त्या क्षणाची मांडणी त्या अक्षराच्या नावाने लक्षात ठेवली जाते. कंट्रोल-एक्स, आर, जे आणि तेच अक्षर दाबल्यास ती परत येते. चुकून विंडो बंद झाल्यास विनर मोड आधीची मांडणी परत देतो. या नोंदी ईमॅक्स बंद होईपर्यंतच टिकतात. दुसऱ्या दिवशीसाठी डेस्कटॉप-सेव्ह मोड सुरू ठेवावा. विममध्ये एमके-सेशन ही आज्ञा मांडणी एका फाइलमध्ये लिहून ठेवते.

या सगळ्याचा व्यवहारातला क्रम सोपा आहे. आधी मथळ्यांना खऱ्या पातळ्या द्याव्यात. मग आपल्या एडिटरमध्ये मिटवणे-उघडणे विंडोपुरते आहे की बफरपुरते, हे एकदा तपासून घ्यावे. त्यानंतर डावीकडे अरुंद आराखडा, उजवीकडे लिखाण आणि गरज पडेल तेव्हाच तिसरी संदर्भाची विंडो, अशी मांडणी करून ती जपून ठेवावी. बहुतेक मोठ्या दस्तऐवजांना एवढी व्यवस्था पुरते.