होकाराची जबाबदारी

२ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये चॅनल फोर हे टीव्ही चॅनल सुरू झालं. ते स्वतः कार्यक्रम बनवत नसे, बाहेरच्या निर्मात्यांकडून करवून घेई. हे सारं जाणकार वाचकांना ठाऊक आहे. मला लिहायचंय ते तिथले कलाविभागाचे पहिले कमिशनिंग एडिटर, म्हणजे कोणता कार्यक्रम करून घ्यायचा हे ठरवणारे, मायकेल कस्टो यांच्याविषयी. टीव्हीवरच्या कलेचा इतिहास लिहिताना दिग्दर्शकांची, नटांची नावं निघतात. होकार देणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. चेकवर सही करणं एवढंच त्याचं काम, असं सांगणारे पंडित आपल्याकडेही आहेत. कस्टो यांची कारकीर्द हेच त्यांना दिलेलं उत्तर आहे.

जन्म १९३९ चा. रॉयल शेक्सपिअर कंपनीत उमेदवारी, तिथे पीटर ब्रुक यांच्यासोबत व्हिएतनाम युद्धावरचं ‘यूएस’ हे नाटक, मग इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सचं संचालकपद, पुढे नॅशनल थिएटर. या पदांच्या यादीत रेंगाळण्याचं कारण नाही. १९८१ मध्ये ते चॅनल फोरमध्ये आले ते रंगभूमीवरचा विश्वास सोबत घेऊन, हे महत्त्वाचं.

नाटक टीव्हीवर मरतं, हा सिद्धान्त मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि तितकीच वर्षं खोडून काढतोय. पीटर हॉल यांनी नॅशनल थिएटरमध्ये बसवलेलं ‘ओरेस्टेया’ हे प्राचीन ग्रीक नाटक पाहा. सगळे पुरुष नट, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मुखवटे, टोनी हॅरिसन यांचं ठोकेबाज पद्य, बर्टविसल यांचं संगीत. टीव्हीला चेहरा हवा म्हणतात, आणि इथे चेहराच झाकलेला! तरीही १९८३ मध्ये चॅनल फोरनं ते दाखवलं. मुखवट्याआडून येणाऱ्या शब्दावर भिस्त ठेवायला कान तयार लागतो. तो कस्टो यांच्याकडे होता.

त्याच हॅरिसन यांची ‘व्ही’ ही दीर्घकविता १९८७ मध्ये रिचर्ड आयर यांच्या दिग्दर्शनाखाली चॅनल फोरच्या पडद्यावर आली. लीड्सच्या दफनभूमीत आईवडिलांच्या थडग्यावर कुणीतरी शिव्या फवारल्यात, आणि कवी त्या फवारणाऱ्या पोराशीच वाद घालतो. त्यामागे ब्रिटिश खाणकामगारांच्या संपाचा काळ. प्रक्षेपणाआधीच वर्तमानपत्रं तुटून पडली, खासदार खवळले. वाहिनी डगमगली नाही. कविता शिव्यांसकट, न कापता, रात्री उशिरा दाखवली गेली. एका कवितेनं देशाला भांडायला लावलं! टीव्हीवर कवितेला प्रेक्षक नसतो म्हणणाऱ्यांनी याचा जबाब द्यावा.

आणि ‘महाभारत’. झाँ-क्लोद कारिएर यांची संहिता, ब्रुक यांचं दिग्दर्शन. १९८५ मध्ये आविन्योंजवळच्या दगडाच्या खाणीत सुमारे नऊ तासांचा प्रयोग झाला. देशोदेशींच्या नटांत आपल्या मल्लिका साराभाई द्रौपदी होत्या. चॅनल फोरच्या पाठबळानं १९८९ मध्ये त्याची पाच तासांहून मोठी टीव्ही आवृत्ती झाली. आपल्या घरोघरी रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांचं महाभारत चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. ब्रुक यांनी आपलं महाकाव्य पळवलं, असा ओरडा तेव्हा झाला आणि अजून होतो. व्यास कुणा एका देशाच्या तिजोरीत मावणारे नाहीत, हे माझं मत मी बदललेलं नाही. त्या खर्चिक, लांबलचक कामाला ब्रिटिश वाहिनीनं बळ दिलं, त्यामागे ‘यूएस’पासून जुळलेली ब्रुक आणि कस्टो या दोन रंगकर्मींची ओळख होती, हे मात्र ओरडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

कस्टो यांनी १९८७ मध्ये ‘वन इन फोर’ या पुस्तकात आपल्या कामाचं एक वर्ष नोंदवलं. आपल्या वाहिन्यांवरच्या कुणी असं पुस्तक लिहिलेलं मला तरी आठवत नाही.

१९८९ मध्ये ते बाहेर पडले. पुढे कायदा बदलला, १९९३ पासून चॅनल फोर आपल्या जाहिराती आपणच विकू लागलं. कमाईचा हिशेब आला की नऊ तासांच्या नाटकाला आधी कात्री लागते.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ पासून ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारखे कार्यक्रम करत होतं. आज मराठी वाहिन्या मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात, पण संपूर्ण नाटक किंवा दीर्घकविता घेऊन कुणाकडे जावं, हे लेखकाला कळत नाही. आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर बैठका होतात. होकार कुणाचाच नसतो, म्हणून जबाबदारीही कुणाची नसते. प्रत्येक वाहिनीनं कलेसाठी एक जाणता माणूस नेमावा, त्याला पैसा आणि ठरावीक वेळ द्यावी, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत छापावं. चूक झाली तर त्यालाच विचारू. एवढं तरी या दिवाळीत सुरू व्हावं.