राखेबाहेर राहिलेल्या वह्या

आवडत्या कादंबरीकाराच्या मागे राहिलेला, अपुरा असा 'पुढचा भाग' हाती येतो तेव्हा वाचकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. लेखकाने जे स्वतः छापायला दिले नाही ते आपण वाचावे का, हा पहिला. वाचायचेच ठरले तर ते कसे वाचावे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ वाद झाले आहेत, दुसऱ्याकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. हे दोन्ही प्रश्न मला निकोलाय गोगोलच्या 'मृत आत्मे' या कादंबरीच्या दुसऱ्या भागावर तपासून पाहायचे आहेत.

मी तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीचा. इथे बसून या कादंबरीचा पहिला भाग वाचताना तिची मूळ कल्पना समजायला तळटीप लागत नाही. रशियात भूदासांची शिरगणती काही वर्षांनी एकदा होई. दोन गणतींच्या मध्ये जे मरत ते कागदावर जिवंतच राहत आणि त्यांचा कर जमीनदार भरत राही. चिचिकोव नावाचा एक गोड बोलणारा गृहस्थ गावोगाव हिंडून हे मेलेले 'आत्मे' विकत घेतो. सरकारी पतसंस्थेकडे त्यांना गहाण टाकायचे, माणशी दोनशे रूबल कर्ज उचलायचे, म्हणजे हजार मेलेल्यांचे दोन लाख होतात, असा त्याचा हिशेब. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावे वर्षानुवर्षे तशीच असतात. ती काढून वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये राज्यभर मोहीम निघाली, तिचे नावच मुळी 'जिवंत सातबारा' होते. गोगोल असता तर हे नाव त्याने वहीत टिपून ठेवले असते.

पहिला भाग १८४२ मध्ये निघाला. आत्मा अमर असतो, तो मृत कसा असेल, असा आक्षेप मॉस्कोच्या सेन्सॉरने शीर्षकावर घेतला होता. शेवटी आधी 'चिचिकोवचे प्रवास' आणि मग 'मृत आत्मे' असे जोडनाव घेऊन पुस्तक बाहेर पडले. गोगोल मात्र त्याला कादंबरी न म्हणता 'काव्य' म्हणत असे. दान्तेच्या महाकाव्यासारखे तीन खंड त्याच्या मनात होते. पहिल्यात अधोगती दाखवायची, पुढच्या खंडांत चिचिकोवची आणि त्याच्याबरोबर सगळ्या रशियाची शुद्धी. म्हणजे दुसरा भाग नुसता पुढच्या गोष्टीसाठी नव्हता, पहिल्या भागात जे काळे दाखवले त्याचे उत्तर त्याला त्यात द्यायचे होते.

त्यासाठी तो दहा वर्षांहून अधिक काळ झटला. १८४५ मध्ये एकदा लिहिलेले जाळून टाकले, पुन्हा लिहायला घेतले, मित्रांना प्रकरणे वाचून दाखवली. ११ फेब्रुवारी १८५२ च्या रात्री (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) मॉस्कोत, काउंट अलेक्सांद्र तोल्स्तोयच्या घरी, पोऱ्याला शेगडी पेटवायला सांगून त्याने हस्तलिखित पुन्हा आगीत टाकले. दहा दिवसांनी तो वारला. वय अवघे ४२. त्याच्या कागदांत आधीच्या खर्ड्याच्या काही वह्या सापडल्या. त्यात सुरुवातीची चार प्रकरणे, तीही मध्येमध्ये तुटलेली, आणि शेवटाकडच्या एका प्रकरणाचा तुकडा होता. मित्र शेवीर्योवने त्या लावून घेतल्या आणि १८५५ मध्ये हा मजकूर छापला गेला. आपण वाचतो तो हाच. आगीत गेला तो मजकूर वेगळा, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

आता मजकुराकडे येऊ. सुरुवातीला भेटतो तेंतेत्निकोव. तेहतीस वर्षांचा, सुशिक्षित, अंगात झगा घालून चहाच्या पेल्यापुढे तासन्‌तास बसणारा. रशियावर प्रचंड ग्रंथ लिहायचा त्याचा बेत आहे आणि तो बेतच राहिला आहे. शेजारच्या जनरलच्या मुलीवर, उलिंकावर, त्याचा जीव आहे, पण जनरल एकदा त्याला 'तू' म्हणाला म्हणून त्याने त्या घरी जाणे सोडले. मी ही कादंबरी इंग्रजीतून वाचली. इंग्रजीत हे भांडण टीप देऊन समजवावे लागते. मराठी वाचकाला 'अहो'वरून 'अरे'वर येण्यातला अपमान सांगावा लागत नाही.

पुढे येतो पेतूख. चिचिकोव वाट चुकून त्याच्याकडे पोचतो, तेव्हा हा गोलमटोल जमीनदार तळ्यात, मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात गुरफटलेला असतो आणि पाण्यातूनच पाहुण्याला जेवायचे आमंत्रण देतो. रात्री भिंतीपलीकडे तो स्वयंपाक्याला उद्याच्या जेवणाचा बेत इतक्या रंगून सांगतो, की चिचिकोवला झोप येत नाही. आमचा जिल्हा मालगुजारी तलावांचा. तळे, जाळे, ढिवरांची आरडाओरड आणि काठावरचा मालक हे चित्र मला परके वाटले नाही. जमीन गहाण पडलेली असूनही पेतूखची पंगत चालूच असते, आणि तेही काही परके नाही.

मग कर्नल कोश्कारयोव. त्याने आपल्या खेड्यात खाती, समित्या आणि कचेऱ्या उभारल्या आहेत. काम कुठेच होत नाही, कागद मात्र फिरतात. चिचिकोवने मेलेले आत्मे मागितले, तर त्याला लेखी अर्ज करावा लागतो. त्यावर रीतसर उत्तर येते की 'मृत' हा शब्दप्रयोगच चुकीचा, कारण आत्मा अमर आहे. सेन्सॉरचाच आक्षेप गोगोलने इथे एका खुळ्या कचेरीच्या तोंडी घातला आहे. ही पाने पहिल्या भागाच्या तोडीची आहेत. तेव्हा प्रतिभा आटली म्हणून त्याने जाळले, हे म्हणणे टिकत नाही.

मजकूर ढासळतो तो दुसरीकडे. कोस्तांझोग्लो हा आदर्श शेतकरी-जमीनदार येतो आणि बोलतच राहतो. शेती हाच धर्म, टाकाऊ वस्तूतूनही उत्पन्न निघते, शहर माणसाला नासवते, असे सगळे. बरेचसे खरेही असेल, पण हा माणूस आपल्याला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तो काय जेवतो हे गोगोलला सांगता येत नाही. पेतूखच्या बाबतीत त्याला दुसरे काही सांगावेच लागत नाही. त्याहून अवघड मुराझोव. हा कोट्यधीश ठेकेदार संतासारखा आहे. त्या काळी असे सरकारी ठेके मुख्यतः दारूच्या महसुलाचे असत. त्यातून निष्कलंक मार्गाने कोट्यवधी मिळवणारा माणूस कोणत्या मातीचा असेल, हे दाखवणे हेच कादंबरीकाराचे काम होते. गोगोल तिथे उपदेशावर भागवतो. बनावट मृत्युपत्राच्या प्रकरणात तुरुंगात पडलेला चिचिकोव मुराझोवच्या पायाशी रडतो, सुधारण्याची शपथ घेतो, आणि सुटकेची वाट दिसताच पुन्हा पूर्वीचा होतो. माझ्या मते इथे पात्राने लेखकाचे ऐकले नाही, आणि लेखक इतका खरा होता की त्याला ते लिहावे लागले.

जाळण्याची कारणे नाना सांगितली जातात. कडक उपास, आजारपण, एका धर्मगुरूचा धाक ही त्यांतली काही. निराळेच कागद जाळायचे होते, चुकून हे गेले, असे तो नंतर म्हणाल्याचीही आठवण नोंदलेली आहे. यातले काहीही असो, वह्या वाचल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. त्याला जे उत्तर द्यायचे होते ते त्याच्या पात्रांतून निघत नव्हते, आणि हे कळण्याइतका त्याचा कान शेवटपर्यंत शाबूत होता.

बंगालीत बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांनंतर अपूच्या मुलाची कथा, 'काजल', त्यांच्या मुलाने, तारादासने लिहिली. ती पुत्राने पुढे चालवलेली गोष्ट आहे आणि ती तशीच वाचावी. गोगोलच्या वह्यांना असा वारस नाही. इथे वाचकाने मधल्या जागा मनाने भरू नयेत. ज्यांनी जळालेली प्रकरणे ऐकली त्यांच्या आठवणींत जनरल आणि तेंतेत्निकोव यांचा समेट झाल्याचे आहे. ते जाणून घ्यावे, पण कादंबरीत मिसळू नये. मजकुराचे दोन थर आहेत, आधीचा आणि त्यावर दुरुस्त केलेला. दोन्ही देणारी आवृत्ती मिळाली तर पहिल्यांदा कोणती ओळ खोडली ते पाहावे. आणि शेवटच्या तुकड्यात राजपुत्र लाचखोर अधिकाऱ्यांना उद्देशून भाषण करत असताना वाक्य अर्ध्यावर तुटते, तिथे थांबावे.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते: वाचावे, पण पुढचा भाग म्हणून नव्हे, तर पहिला भाग पुन्हा वाचण्यासाठी. पहिल्या भागाच्या अखेरीस भरधाव त्रोइकाकडे पाहून गोगोल रशियाला विचारतो, कुठे निघालीस? उत्तर येत नाही. प्रथम वाचताना तो लेखकाचा डौल वाटतो. त्या वह्या वाचून झाल्यावर कळते, की उत्तर त्याला खरोखरच ठाऊक नव्हते, आणि ते शोधण्यात त्याचे उरलेले आयुष्य गेले.